मोटारीचे दार, कुलपाचा बिघाड आणि मालकाची फरफट

प्रतिनिधी । हिमायतनगर

मोटारीचे इंजिन बंद पडले की वाहनधारक तातडीने मेकॅनिक गाठतो. दाराचे कुलूप कुरकुरू लागले, तर मात्र ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणत महिनोन् महिने काढतो. एक दार बाहेरून उघडत नाही म्हणून आतून उघडायचे, दुसरे लागत नाही म्हणून दोनदा आपटायचे, तिसरे रिमोटला दाद देत नाही म्हणून चावीने लावायचे, अशा तडजोडी हळूहळू अंगवळणी पडतात. दाराचे कुलूप केवळ चोरीपासून राखणीसाठी असते, हा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात ते सुरक्षेचे साधन आहे. अपघातात दार उघडले, तर प्रवासी बाहेर फेकला जातो; आग लागली वा पुराचे पाणी शिरले आणि दार उघडले नाही, तर तो आत अडकतो.

तालुक्याच्या गावी हे दुखणे अधिक जाचक ठरते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, पैनगंगेच्या अलीकडे, विदर्भाच्या सीमेला टेकलेल्या हिमायतनगरातून अधिकृत सेवा केंद्र गाठायचे, तर बहुतेकांना भोकरमार्गे नांदेडची वाट धरावी लागते. एका दाराच्या खटक्यासाठी अख्खा दिवस मोडतो आणि तेथे पोहोचल्यावर ‘पार्ट मागवावा लागेल’ हे उत्तर मिळाले, तर दुसरी खेप ठरलेली. बिघाड लहान आणि फरफट मोटी, असा हा मामला आहे. तो टाळायचा, तर कुलूप कसे चालते, कशाने बिघडते आणि हक्क कोणते, हे तिन्ही ठाऊक असायला हवे.

कुलपाच्या आत काय असते?

दाराच्या कडेला, पत्र्याच्या खाचेत, एक फिरता आकडा असतो. समोरच्या खांबावर पक्की बसवलेली लोखंडी कडी असते. दार लावताना कडी आकड्यात शिरते, आकडा फिरतो आणि त्याच्यामागचा स्प्रिंगचा खटका त्याला अडवून धरतो. या जोडणीला मेकॅनिक ‘लॅच’ आणि कडीला ‘स्ट्रायकर’ म्हणतात. दार लावताना जे दोन ‘खट्’ आवाज येतात, ते याच खटक्याचे. पहिल्या आवाजाला दार अर्धवट अडकते, दुसऱ्याला पूर्ण.

या दोन टप्प्यांतील फरक नुसता आवाजाचा नाही. दारांच्या कुलपांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ११ नुसार पूर्ण लागलेल्या कुलपाने लांबीच्या दिशेने ११ हजार न्यूटन, म्हणजे सुमारे ११०० किलो वजनाइतका ओढा सोसला पाहिजे. अर्धवट अडकलेल्या अवस्थेत ही अपेक्षा साडेचार हजार न्यूटनवर येते. अर्ध्यावर लागलेल्या दाराला टेकून बसलेला प्रवासी निम्म्याहून कमी बळाच्या भरवशावर बसलेला असतो. भारतातही वाहनांची कुलपे आणि दार धरून ठेवणारे भाग यांसाठी आयएस १४२२५ हे मानक आहे.

दाराचे बाहेरचे आणि आतले हँडल सळईने किंवा तारेच्या केबलने या खटक्याशी जोडलेले असते. ‘लॉक’ केल्यावर हँडल आणि खटका यांचा संबंध तुटतो. हँडल हलते, पण खटका सुटत नाही. सेंट्रल लॉकच्या गाड्यांत हे काम लहानशी विजेची मोटर करते. तिच्यात प्लास्टिकची दाती चाके असतात. शेजारीच दार उघडे आहे की बंद, हे सांगणारा स्विच असतो. नव्या गाड्यांत आकडा, खटका, मोटर आणि स्विच हे सारे एकाच बंद डबीत बसवलेले असते. मालकाच्या पुढच्या मनस्तापाचे बीज या डबीत आहे.

बिघाड ओळखायचा कसा?

दुरुस्तीला जाण्यापूर्वी बिघाड कोणत्या जातीचा आहे, हे मालकाला बऱ्याच अंशी घरीच ओळखता येते.

मागचे दार बाहेरून उघडते, पण आतून उघडत नाही : पहिला संशय मुलांच्या कुलपावर, म्हणजे ‘चाइल्ड लॉक’वर घ्यावा. दाराच्या कडेला लॅचजवळ एक लहान खटका असतो. गाडी धुताना किंवा सामान चढवताना तो चुकून सरकतो. तो पूर्ववत केला की काम संपते, खर्च शून्य.

दार लागतच नाही, आपटले की परत येते : आकडा दार उघडे असतानाच फिरून बंद अवस्थेत बसलेला असतो. अशा वेळी दार पुन्हा पुन्हा आपटल्यास आकडा आणि कडी दोन्ही वाकतात. हँडल ओढून आकडा मोकळा करावा आणि मग दार लावावे. हँडल ओढूनही तो सुटत नसेल, तर स्प्रिंग किंवा केबल गेलेली आहे.

एकच दार रिमोटला दाद देत नाही : त्या दाराची मोटर झिजलेली असते किंवा त्या दाराकडे जाणारी वायर तुटलेली असते. दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दर उघडझापीला वाकतात आणि कालांतराने आतल्या आत तुटतात. मोटरचा आवाज येतो, पण खटका हलत नाही, तर दाती चाक घासलेले आहे. आवाजच येत नसेल, तर आधी वायर तपासून घ्यावी.

चारही दारे एकदम बंद पडली : दोष फ्यूज, बॅटरी, रिमोट किंवा मुख्य नियंत्रकात असतो. बहुतेक रिमोटमध्ये तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. ती बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दार बंद असूनही फलकावर ‘दार उघडे’ असा दिवा : स्विच खराब झालेला असतो किंवा दार खरोखरच पहिल्या टप्प्यावर अडकलेले असते. दुसरी शक्यता आधी तपासावी. दिवा खोटा आहे, असे गृहीत धरून प्रवास करू नये.

ऊन, धूळ आणि आपटणे

नांदेड-लातूर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपलीकडे जातो. सावली नसलेल्या जागी उभ्या गाडीच्या दारातील पत्रा आणि प्लास्टिक त्याहून कितीतरी अधिक तापते. वारंवार तापण्या-निवण्याने प्लास्टिक ठिसूळ होते, वंगण सुकते. त्यात कच्च्या रस्त्यांचा मुरूम आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिसळली, की वंगणाचे रूपांतर घासणाऱ्या लेपात होते. पावसाळ्यात काचेच्या झिजलेल्या रबरातून पाणी दारात उतरते. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आतच साचते आणि केबल, वायरी व लॅच गंजतात. महाशिवरात्रीला परमेश्वर देवस्थानाच्या यात्रेची धूळ असो किंवा पावसाळ्यात सहस्रकुंड धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यांचा चिखल, शेवटी दोन्ही दाराच्या आत जाऊन बसतात.

त्यातच दार आपटण्याची सवय. प्रवासी वाहतुकीच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांतून ती आली आहे. त्या गाड्यांची दारे जाड पत्र्याची, कुलपे साधी आणि सैल; जोरात आपटल्याखेरीज ती लागत नसत आणि मागचे दार सुतळीने बांधून फेऱ्या होत. आजच्या मोटारीचे दार हलक्या हाताने लागावे, अशाच बेताने घडवलेले असते. ते आपटल्यास कडी सरकते, मोटरचे टेकू तडकतात.

घरगुती उपायही कधी कधी अंगाशी येतात. लॅचमध्ये इंजिनचे जुने तेल सोडणे हा त्यांतला नेहमीचा. तेलाने दोन दिवस दार मऊ चालते. मग त्याच तेलाला धूळ चिकटते आणि दार पूर्वीपेक्षा घट्ट होते. लॅचसाठी आधी साफसफाई आणि मग पांढरे लिथियम ग्रीस, तर चावीच्या छिद्रासाठी ग्राफाइटची कोरडी पूड योग्य ठरते.

उष्णतेचा परिणाम केवळ मराठवाड्यापुरता नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या मोटारींत लॅचमधील खटक्याच्या स्प्रिंगला धरणारा टेकू तुटत असल्याचे आढळले. त्यामुळे दार लागत नसे किंवा कसेबसे लागलेले दार चालत्या गाडीत उघडण्याचा धोका होता. ऑगस्ट २०१६ मध्ये कंपनीने अधिक तापमानाच्या राज्यांतील व मेक्सिकोतील सुमारे ८ लाख ३० हजार गाड्या आधी परत बोलावल्या. पुढच्याच महिन्यात हा आकडा सुमारे २४ लाखांवर गेला. त्याहून बोलका प्रसंग २०२० मधला. आधीच्या मोहिमांत काही गाड्यांची दुरुस्ती नीट झाली नसावी, या कारणाने सुमारे साडेएकवीस लाख गाड्यांची लॅचे पुन्हा तपासावी लागली. अधिकृत केंद्रात काम झाले म्हणजे ते बरोबरच झाले, असे नाही, हा त्यातला धडा.

भारतातही असे उदाहरण आहे. मार्च २०१५ मध्ये मारुती सुझुकीने अल्टो ८०० आणि अल्टो के-१० या गाड्यांपैकी ३३ हजार ९८ गाड्या उजव्या बाजूच्या दाराच्या लॅचमधील संभाव्य दोषासाठी तपासणीला बोलावल्या. त्या ८ डिसेंबर २०१४ ते १८ फेब्रुवारी २०१५ या काळात तयार झाल्या होत्या. दोष आढळल्यास भाग विनामूल्य बदलून देण्यात आला. अशा मोहिमेची खबर सेकंडहँड गाडी घेणाऱ्यापर्यंत बहुधा पोहोचत नाही. जुनी गाडी घेताना चासिस क्रमांक देऊन कंपनीकडे चौकशी करणे म्हणूनच शहाणपणाचे.

दुरुस्तीची फरफट

मालकांची पहिली तक्रार असते, ती पूर्ण ‘असेंब्ली’ बदलण्याच्या आग्रहाविषयी. झिजलेले असते बोटाच्या पेराएवढे दाती चाक. बिल येते अख्ख्या डबीचे. आतले भाग सुटे विकलेच जात नाहीत, हे सेवा केंद्राचे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण दोष डबीत नसून वायरीत किंवा केबलमध्ये असतानाही डबी बदलली जाते आणि महिन्याभरात तोच बिघाड परततो.

दुसरी तक्रार पार्टच्या प्रतीक्षेची. उजवे, डावे, पुढचे, मागचे अशी चार वेगळी लॅचे, त्यांत सेंट्रल लॉक असलेली आणि नसलेली. लहान केंद्रात सारा साठा राहत नाही. कंपनीनेच गाशा गुंडाळला असेल, तर अडचण आणखी वाढते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या कंपन्यांच्या जुन्या गाड्या ग्रामीण भागात आजही धावतात आणि त्यांच्या मालकांना सुट्या भागांसाठी अनेकदा भंगार बाजाराचा आधार घ्यावा लागतो.

तिसरी तक्रार गावच्या मेकॅनिकची आणि मालकाची सामाईक आहे. मेकॅनिकच्या हातात कसब असते. मूळ भाग आणि तांत्रिक माहिती मात्र मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच मुद्द्यावर १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न करणे हे स्पर्धेला मारक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे अपिले झाली. ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मोटारींचा त्यात समावेश आहे.

चौथी तक्रार कामातून निघणाऱ्या नव्या कामाची. लॅचपर्यंत पोहोचण्यासाठी दाराच्या आतला पॅड काढावा लागतो. घाईत काढला, तर त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात आणि दार खडखडू लागते. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवला नाही, तर पुढच्या पावसात पाणी थेट गाडीत येते.

दार उघडले नाही तर

बंद मोटार किती घातक ठरते, याच्या दोन घटना महाराष्ट्राने अलीकडे पाहिल्या आहेत. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन बालके आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन बालके उभ्या मोटारीत अडकून मृत्युमुखी पडली. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उन्हात उभ्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. दारात उभी असलेली नादुरुस्त गाडी कुलूपबंद ठेवणे आणि चावी मुलांच्या हाती न लागू देणे, एवढे प्रत्येक घराला करता येते. ज्या गाडीचे दार ‘आतून कधी कधीच उघडते’, ती मुलांसाठी सापळाच आहे.

विजेवर चालणारे कुलूप वीज गेल्यावर हाताने उघडता आले पाहिजे, हे केंद्र सरकारने १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींसाठी बंधनकारक केले. त्याच तारखेपासून टॅक्सीसारख्या प्रवासी मोटारींत चाइल्ड लॉक बसवण्यास मनाई झाली. प्रवाशाला, विशेषतः महिलांना, आत कोंडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याआधीच्या गाड्यांत हाताने उघडण्याची सोय कोठे आहे, हे मालकाने पाहून ठेवावे. बिनचावीच्या गाड्यांच्या रिमोटमध्येही एक लहान चावी दडवलेली असते आणि तिचे छिद्र बहुधा चालकाच्या हँडलवरील टोपणाखाली असते.

पैनगंगेच्या खोऱ्यातील ओढ्या-नाल्यांना पूर येतो, तेव्हा पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, हा पहिला आणि शेवटचा नियम. तरीही गाडी पाण्यात सापडलीच, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे निर्दोष दारसुद्धा उघडत नाही. दाराशी झटापट करण्यात वेळ न दवडता विजेची काच चालते आहे तोवर खाली करावी आणि खिडकीतून बाहेर पडावे.

कायदा ग्राहकाच्या बाजूने

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. आज लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याची मोठी सोय अशी, की गाडी नांदेडला घेतली असो वा पुण्याला, तक्रार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. हिमायतनगरच्या रहिवाशासाठी तो नांदेडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग होय. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाला अधिकार आहे आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मात्र अपेक्षा वास्तव असावी. एका दाराच्या दोषापोटी नवी गाडी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याची आहे, पूर्ण गाडी बदलण्याची नव्हे, अशी भूमिका घेतली. विक्रेत्याच्या चुकीसाठी निर्मात्याला आपोआप जबाबदार धरता येत नाही, हे गोव्यातील एका ग्राहकाच्या तक्रारीवरून टाटा मोटर्सच्या अपिलात २०२१ मध्ये स्पष्ट झाले. दोष निर्मितीचा आहे की दुरुस्तीचा, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार तक्रारीत कंपनी, विक्रेता किंवा दोघांना पक्षकार करावे. निर्मितीतील दोष सिद्ध करण्यासाठी आयोग वाहनाची वा भागाची प्रयोगशाळेत तपासणी करवू शकतो.

एकाच प्रकारचा दोष अनेक गाड्यांत आढळत असेल, तर मार्ग निराळा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांच्या मालकांना परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्याखेरीज चौकशी होत नाही. एकाने नोंदवलेली तक्रार म्हणूनच दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

वाहनधारकांनी हे करावे

• कुलपाचा बिघाड दिसताच तारीख, प्रसंग आणि दार लिहून ठेवावे. दोष अधूनमधून दिसणारा असेल, तर मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. केंद्रात नेल्यावर दार हमखास नीट चालते!

• जॉब कार्डवर ‘दार तपासणे’ एवढेच न लिहिता ‘मागचे डावे दार आतून उघडत नाही’ असे नेमके लिहून घ्यावे व प्रत मागावी.

• वॉरंटी शिल्लक असताना बाहेरच्या मेकॅनिककडून दाराचा पॅड उघडू नये. वॉरंटी संपली असेल, तर वायर आणि केबल तपासल्याखेरीज डबी बदलू देऊ नये.

• नांदेडला निघण्यापूर्वी चासिस क्रमांक सांगून पार्ट आला आहे, याची फोनवर खात्री करून घ्यावी.

• बदललेला जुना भाग आणि पक्के बिल मागून घ्यावे. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

• गाडी ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक दार आतून, बाहेरून, चावीने आणि रिमोटने उघडून पाहावे. काच वर-खाली करावी. दोन ‘खट्’ ऐकू आले पाहिजेत.

• वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, लॅच साफ करून ग्रीस द्यावे आणि दाराच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत.

• चालताना उघडू शकणारे किंवा आतून न उघडणारे दार दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये.